भोयरसाहेबांची काटकुळी अंबाडी

“हलू नका! श्वास रोखा! ए डावीकडची, मान काऊन टाकली तू?”

शुक्रवार सकाळचे साडेसहा. सुट्टीमुळे सौदीतलं अख्खं अल-खोबर पांघरुणात, आणि आमच्या शेजारच्या बाल्कनीतून ही आरडाओरड. नवख्या माणसाला वाटलं असतं की शेजाऱ्याने पाचसहा कैदी भिंतीला लावून उभे केलेत. मी सहा वर्षांचा मुरलेला शेजारी. चहाचा घोटही न चुकवता दोन बाल्कन्यांमधल्या अर्ध्या भिंतीवरून डोकावलो.

भोयरसाहेब बनियन-लुंगीत उभे. एका हातात मोबाईल, दुसऱ्यात शिंप्याची टेप. समोर ओळीने सहा कुंड्या. कुंड्यांत झाडं होती असं म्हणायला जीभ धजत नाही. उदबत्तीला पानं फुटावीत तशा त्या सहा काड्या, माणसाच्या खांद्याएवढ्या उंच, आणि सगळ्या एकजात कठड्याबाहेर माना काढून वाकलेल्या. जणू खालून कुणाची तरी वरात चालली आहे.

“फोटो काढून राहिलो भाऊ,” साहेब म्हणाले. “वाऱ्याने हलतात. हलले की फिल्म खराब येते.”

भोयरसाहेब इथल्या एका खासगी दवाखान्यात एक्स-रे काढतात. आयुष्यभर ‘हलू नका, श्वास रोखा, सोडा’ ही तीन वाक्यं म्हणून म्हणून त्यांच्या घशाला आता दुसरा आकारच उरलेला नाही. मागच्या दिवाळीला आमच्या घरी फराळ होता, तेव्हा सगळ्यांचा एकत्र फोटो त्यांनीच काढला. त्या फोटोत सतरा माणसं गाल फुगवून, डोळे वटारून उभी आहेत. पाहणारा प्रत्येक जण मंजूला, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींना, हळूच विचारतो, “चकली घशात अडकली होती का हो सगळ्यांच्या?”

दुसरी गोष्ट सांगायची तर इतका भित्रा माणूस साऱ्या आखातात नसेल. इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, आम्ही सगळेच जिवापाड जपतो. भोयरसाहेबांनी तो तीन प्लास्टिकांत गुंडाळलेला आहे. त्याची एक झेरॉक्स पाकिटात, एक मोज्यात आणि एक फ्रिजमध्ये, भाज्यांच्या कप्प्यात. “घराले आग लागली तं फ्रिज शेवटी जळते,” हे त्यामागचं शास्त्र. एकदा ऑगस्टच्या दुपारी चौकातला सिग्नल बंद पडला. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. तरी हा माणूस हिरवा दिवा लागेल म्हणून पाऊण तास कडेला उभा. शेवटी एका पोलिसाला दया आली आणि तो हात धरून पलीकडे न्यायला आला, तर साहेबांनी तिथल्या तिथे बूट काढून त्याला मोज्यातली झेरॉक्स दाखवली.

अशा माणसाच्या बाल्कनीत काय उगवावं, हे नशीबच ठरवतं.

झालं असं की मागच्या सुट्टीत वर्ध्याहून निघताना भोयरवहिनींनी ओव्याच्या डब्यात एक पुडी घालून दिली. पुडीत अंबाडीचं बी. भोयरवहिनी तिकडे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. त्यांनी नोकरी सोडली नाही, यांनी इथली सोडली नाही, आणि संसार चालला तो वर्षातून एका महिन्याच्या सुट्टीवर. अंबाडीची आंबट भाजी म्हणजे साहेबांचा जीव की प्राण. इथे बाजारात सगळं मिळतं, जपानचा मुळा मिळतो, पण अंबाडी नाही. सप्टेंबरात बी पेरलं, आठवड्यात उगवलं, आणि साहेब सगळ्या मजल्याला सांगून आले, बाळंतपण सुखरूप झालं अशा चेहऱ्याने.

पण आमच्या समोर नवी आठमजली इमारत उठलेली. ऊन म्हणून जे काही या बाल्कनीत येतं ते त्या इमारतीच्या काचांवरून उसनं येतं. अंबाडीने उजेड शोधायला जी धाव घेतली ती वर वर वरच. अंगात मांस नाही, खोडाला बळ नाही, दोन पानांच्या मध्ये वीतभर अंतर. सकाळी पाहावं तर कालच्यापेक्षा बोटभर लांब. मंजू म्हणाली, “रात्री कान देऊन ऐकलं तर वाढल्याचा आवाज येतो.” मी ऐकलं होतं. येतो.

मग सुरू झाले उपचार. खोड सरळ राहावं म्हणून साहेबांनी दवाखान्यातली क्रेप बँडेजं आणली आणि प्रत्येक झाड काठीला बांधलं. चार नंबरच्या झाडाला तर प्लास्टरच घातलं. उजेड वाढावा म्हणून कठड्याला, भिंतीला, छताला स्वयंपाकघरातली चंदेरी फॉइल चिकटवली. परिणामी खालून जाणारे टॅक्सीवाले डोळ्यांवर हात धरून गाडी चालवायला लागले. वाऱ्याने खोड टणक होतं म्हणून टेबलफॅन लावला. झाड एकाच अंगाने वाकू नये म्हणून रोज कुंडी पाव फेरा फिरवायची. हे काम साहेबांना सकाळपाळी असली की माझ्याकडे. पाणी घालायचंही माझ्याकडेच. बक्षीस म्हणून त्यांनी सातवी कुंडी आमच्या बाल्कनीत आणून ठेवली.

रोज संध्याकाळी साडेसहाला वर्ध्याची ओपीडी भरायची. साहेब मोबाईल कुंडीला टेकवायचे आणि भोयरवहिनी पलीकडून तपासायच्या. “पाणी किती घातलं? काऊन इतकं घातलं? चहाचा चोथा टाकू नका सांगितलं होतं ना? बुड दाखवा. अहो, तुमचं तोंड नाही, झाडाचं बुड.” हे तपासणं चाळीस चाळीस मिनिटं चालायचं. मला नवल वाटायचं. कारण सहा वर्षं मी त्या अर्ध्या भिंतीपलीकडून दोघांचे फोन ऐकत आलोय, म्हणजे मुद्दाम नाही, भिंतच अर्धी आहे. “जेवले का?” “हाव. तू?” “झालं. बरं, ठेवू?” “ठेव.” आमचा कुकर एक शिट्टी देईपर्यंत त्यांचा फोन आटोपायचा.

वहिनींनीच तो रामबाण सांगितला. शेंडा खुडा. वरची तीन पानं धरून कोवळा शेंडा नखाने खुडायचा, की झाडाची उंचीची हाव सुटते आणि ते बाजूने फुटतं. साहेबांना हे इतकं पटलं की त्यांनी ते जगाला लागू केलं. आमची इरा नववीत गेली आणि एकदम ताडमाड उंच झाली, तर म्हणे, “गणिताची एक शिकवणी बंद करा. शेंडा खुडा. बाजूने फुटते लेकरू.” माझा साहेब डोक्यावर बसतो म्हटलं, तर म्हणे, “त्याचा शेंडा कुठी हाय तो पाहा.” लिफ्ट सातव्या मजल्यावर अडकली तरी म्हणे, “शेंडा खुडा.” कुणाचा, कसा, काही नाही.

सातही झाडांचे शेंडे खुडले. आणि घात झाला.

अंबाडी फुटली. काखेकाखेतून कोवळे फुटवे आले, झाड जरा भरलं. पण एक गंमत आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हती. अंबाडीची सुरुवातीची पानं असतात साधी, गोलसर, गरीब. नंतरची येतात ती पंजासारखी. पाच लांब बोटं, आणि प्रत्येक बोटाला करवतीचे दात. औषध लागू पडलं आणि रोग्याचा चेहराच बदलला.

इरा मला नाश्त्याला बोलवायला बाल्कनीत आली. ही पोरगी मराठी प्रश्नाला इंग्रजीत आणि इंग्रजी प्रश्नाला खांदे उडवून उत्तर देते. तिने आमची सातवी कुंडी पाहिली, भिंतीपलीकडच्या सहा पाहिल्या, आणि दूध उतू गेलं हे ज्या सुरात सांगतात त्या सुरात म्हणाली, “बाबा, दॅट इज गांजा.”

“अंबाडी आहे ती. भाजी.”

“ओके. बट इट लुक्स लाइक गांजा. एव्हरीबडी विल थिंक गांजा.” आणि पोहे खायला निघून गेली.

मी पेशाने सेफ्टी ऑफिसर. धोका जिथे नाही तिथेसुद्धा तो शोधून काढायचा मला पगार मिळतो. आणि गेले दोन महिने रोज सकाळी मी या धोक्याला पाणी घालत होतो. या देशात असल्या गोष्टीला काय शिक्षा होते ते मी इथे लिहिणार नाही. नोकरी, इकामा, इराची शाळा, सगळं त्या पाच बोटांच्या पंजात आलं होतं.

मोबाईलवर शोधून खात्री करावी म्हणून मी ‘गां’ टाइप केलं आणि मोबाईल सोफ्यावर फेकला. शोधणं हाच पुरावा. मग आठवलं की पुरावा मी आधीच दिलाय. आमच्या इमारतीतल्या भारतीय कुटुंबांचा एक ग्रुप आहे. त्यावर आठवड्यापूर्वी मी एक फोटो टाकला होता. मी, माझा हात सातव्या झाडाच्या खांद्यावर, चेहऱ्यावर हसू, खाली लिहिलेलं, ‘आमची शेती’. चाळीस जणांनी पाहिला होता. तेरा जणांनी अंगठे दिले होते. मी तो काढून टाकला. तर त्या जागी ‘हा संदेश काढून टाकला आहे’ असं आलं, आणि ते वाक्य सहीनिशी दिलेल्या कबुलीजबाबासारखं दिसायला लागलं.

“मग शिजवून टाकते,” मंजू म्हणाली. बायकांचं डोकं संकटात चालतं ते असं.

सातव्या झाडाची सगळी पानं तिने ओरबाडली. तूरडाळ, थोड्या कण्या, वरून लसणाची चरचरीत फोडणी. आम्ही तिघांनी पुरावा ज्वारीच्या भाकरीबरोबर खाल्ला. आंबट अशी की डोळे मिटावेत. त्या भाजीची चव मी मरेपर्यंत विसरणार नाही, आणि तिच्यानंतरचा तासही. कारण पोट भरल्यावर मला शंका आली. समजा इराचं बरोबर असेल तर? मी मंजूसमोर बसून तिच्या डोळ्यांच्या बाहुल्या तपासत राहिलो. वर्तमानपत्र वाचता वाचता तिला हसू फुटलं, तिने तोंडावर पदर धरला, आणि माझ्या अंगाला दरदरून घाम सुटला.

“हसू नकोस,” मी म्हटलं.

“का?”

“उगाच हसलीस. कशाला हसलीस ते सांग.”

“तुमच्या तोंडाकडे बघून,” ती म्हणाली. तेव्हा कुठे मला खात्री पटली की भाजी अंबाडीचीच होती.

पण मला पटून काय उपयोग. पलीकडे सहा झाडं अजून उभी होती, आणि त्याच संध्याकाळी लिफ्टमध्ये कागद लागला. इमारतीला बाहेरून रंग देणार. गुरुवारी अस्रच्या, म्हणजे दुपारच्या, नमाजानंतर मालक अबू फहद स्वतः प्रत्येक घराची बाल्कनी पाहून जाणार. सामान हटवून ठेवावे.

मी भोयरसाहेबांना घरात गाठलं, दार लावलं, पडदे ओढले, टीव्हीचा आवाज वाढवला आणि सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ते ऐकताच बेशुद्ध पडतील. पांढरे झाले, प्लास्टरसारखे. भिंत धरून खाली बसले. पण म्हणाले काय, तर, “अंबाडी होय जी ती.”

“हे तुम्हाला ठाऊक, मला ठाऊक. अबू फहदना कोण सांगणार? त्यांनी नुसता फोन फिरवला तर? तपासून अंबाडी निघेपर्यंत आपण कुठे बसणार? उपटा. मी पोत्यात भरतो. मंजू भाजी करते. गुरुवारपर्यंत पानसुद्धा उरणार नाही.”

साहेबांनी जीभ ओठांवरून फिरवली. “आठ दिवस थांबू ना भाऊ.”

“गुरुवार परवा आहे.”

“मंग मी बोलतो त्यांच्याशी.”

या माणसाने न्हाव्याला कधी ‘कमी कापा’ म्हटलेलं नाही. न्हावी कापतो तितके केस घेऊन ते घरी येतात. तो मालकाशी बोलणार होता.

“भोयरसाहेब, मोज्यातला इकामा आठवा,” मी निर्वाणीचं अस्त्र काढलं.

ते उठले, बाल्कनीत गेले, आणि प्लास्टर घातलेल्या चार नंबरवर हात ठेवून उभे राहिले. “नाई भाऊ,” ते म्हणाले. “आजारी हायेत ते. उपचार चालू हाय. अर्ध्यात नाई सोडता येत.”

मी घरी येऊन मंजूला सांगितलं की माणूस कामातून गेला. दोन दिवस मी जेवलो नाही, म्हणजे जेवलो, पण चव लागली नाही. जिन्यात पाऊल वाजलं की मी इराची शाळेची फाईल पोटाशी धरायचो. ऑफिसात ‘सुरक्षित बाल्कनी’ या विषयावर भाषण देताना मध्येच थांबलो आणि पाणी मागितलं.

गुरुवार आला. अबू फहद आले. उंचेपुरे, पांढरा शुभ्र पायघोळ थोब, अत्तराचा घमघमाट दोन मजले आधी पोचलेला, हातात माळ. तीस वर्षं भारतीय माणसं कामाला ठेवून त्यांना हिंदी येतं, त्यांच्या पद्धतीचं. आमची बाल्कनी त्यांनी पाहिली, सातव्या कुंडीतला बोडका दांडा पाहिला, माझ्याकडे पाहिलं. मग शेजारी गेले. मी मागोमाग. पळून जायचं तर गर्दीबरोबर राहावं, असं आमच्या सेफ्टीच्या पुस्तकात नाही, पण मी गेलो.

बाल्कनीत पाऊल टाकताच अबू फहद थबकले. फॉइलची झगमग, टेबलफॅन, बँडेजं, प्लास्टर आणि मध्ये ती सहा झाडं, पन्नास पन्नास पंजे पसरून उभी.

“ये क्या है, सदीक?” त्यांनी विचारलं. सदीक म्हणजे दोस्त. पण आवाज दोस्तीचा नव्हता. त्यांनी एक हात झाडाकडे पुढे केला आणि दुसरा हात खिशातल्या मोबाईलकडे गेला.

भोयरसाहेब इंग्रजी विसरले. हिंदी विसरले, मराठी विसरले. उरलं ते फक्त आयुष्यभराच्या ड्यूटीतलं अरबी, आणि ते अरबी म्हणजे तीन वाक्यं. ते मालकाच्या डोळ्यांत पाहत खणखणीत आवाजात म्हणाले, “ला तितहर्रक. खुद नफस.”

म्हणजे, हलू नका. श्वास घ्या.

आणि देवाशपथ सांगतो, अबू फहद हलले नाहीत. त्यांनी श्वास घेतला आणि रोखला. आयुष्यात कधी तरी छातीचा फोटो काढलेला माणूस त्या हुकुमापुढे राजा असला तरी उभा राहतो. मीही रोखला. खालच्या रस्त्यावर एक मोटर बंद पडल्याचं मला स्पष्ट आठवतं.

त्या शांततेत भोयरसाहेबांनी दोन नंबरच्या झाडाचं एक पान तोडलं, तोंडात घातलं आणि चावलं. माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. पुरावा कमी होता म्हणून आता हा मालकासमोर सेवन करत होता. मग त्यांनी दुसरं पान तोडलं, लुंगीला पुसलं, लुंगीला नाही, पँटला, त्या दिवशी त्यांनी पँट घातली होती, आणि मालकापुढे धरलं.

अबू फहदनी पान घेतलं. हुंगलं. एक कोपरा दाताखाली धरला. चावला. त्यांचा एक डोळा आपोआप मिटला.

“हामिद,” ते म्हणाले. आंबट.

मग खाली वाकले. सहा नंबरला त्या दिवशी पहिलं फूल उमललं होतं, फिकट पिवळं, पोटात गडद लाल ठिपका. ते पाहून मालकांचा चेहरा उजळला. “करकदे?”

करकदे म्हणजे त्यांच्याकडे ज्या लाल फुलांचं आंबट सरबत करतात ते. अंबाडीचं सख्खं चुलत घराणं.

“करकदे का भाई,” भोयरसाहेब म्हणाले. आणि मग, तपासणी संपल्यावर म्हणतात तसं, “खलास.”

आम्ही तिघांनी एकदम श्वास सोडला. त्या वाऱ्याने टेबलफॅन उलटा फिरला.

पुढे अर्धा तास अबू फहद भोयरसाहेबांना रागावत होते. होफुफकडे त्यांची खजुराची बाग आहे, झाडाची हेळसांड त्यांना पाहवत नाही. “सदीक, इसको शम्स चाहिए, शम्स,” ते वर बोट दाखवत म्हणाले. ऊन पाहिजे. “तुम इसको जेल में क्यों रखा?” जेल हा शब्द ऐकून मी पुन्हा दाराकडे सरकलो. जाताना त्यांनी आपल्या जुडग्यातून एक किल्ली काढून साहेबांच्या हातात ठेवली. गच्चीची. गच्ची कुणालाच उघडून मिळत नाही आमच्याकडे, मी सहा वर्षं मागतोय. “ऊपर रखो. दस दिन में सीधा, मजबूत.”

मी तर नाचायचाच बाकी होतो. “चला,” म्हटलं, “आत्ताच नेऊ. लिफ्ट मोकळी आहे.”

“उद्या,” साहेब म्हणाले.

उद्या वारा होता. परवा गच्चीवर कबुतरं होती. मग रंगवाले होते. मग रंगवाले गेले, तर रंगाचा वास होता. मग म्हणे लिफ्टवर भार येईल. सहा उदबत्त्यांचा. तीन आठवडे झाले. किल्ली साहेबांच्या बाल्कनीच्या दाराशी खिळ्याला लटकलेली, आणि अंबाडी आपली कठड्याबाहेर मान काढून उभी. मी चिडलो. ज्या झाडांपायी मी तुरुंगात जाता जाता राहिलो ती निदान बरी तरी व्हावीत, एवढाच माझा स्वार्थ.

परवा संध्याकाळी कपडे काढायला बाल्कनीत गेलो. पलीकडे ओपीडी सुरू होती. मोबाईल कुंडीला टेकवलेला, साहेब जमिनीवर मांडी घालून बसलेले.

“चार नंबर दाखवा,” भोयरवहिनींचा आवाज आला. “हं. अजून वाकडीच आहे हो ही. प्लास्टर काढलं का?”

“काढलं. फ्रॅक्चर जुळलं म्हणतो मी.”

“शाळेतल्या पोरींना सांगितलं मी तुमच्या प्लास्टरचं. तास बंद पडला माझा, हसून हसून.” मग त्या स्वतःच हसल्या, आणि साहेबही हसले. सहा वर्षांत मी त्या घरातून माणसाचं हसणं ऐकलं नव्हतं, टीव्हीतलं सोडून. “अहो, पण तुम्ही वाळले का हो? गालफडं दिसून राहिली.”

“माझं सोड. तिचं पाहा.”

“तिला ऊन पाहिजे. दुसरा इलाज नाही. तुमच्याकडे गच्ची नाही का हो?”

“हाय ना,” भोयरसाहेब म्हणाले. “पण किल्ली मालकाजवळ राहते.”

किल्ली त्यांच्या डोक्यावर हातभर अंतरावर, खिळ्याला लटकत होती. वाऱ्याने जरा वाजलीही.

“बरं, मग उद्या अजून एक शेंडा खुडून पाहा. कुठला ते मी सांगते. उद्या साडेसहाला दाखवा.”

“हाव. दाखवतो.”

फोन बंद झाला. साहेबांनी तो लुंगीच्या टोकाने पुसला, वर पाहिलं, आणि त्यांना भिंतीवरून मी दिसलो. हातात वाळलेले मोजे घेऊन.

“भोयरसाहेब,” मी म्हटलं, “किल्ली तुमच्याकडे आहे. उद्या सकाळी मी येतो, दोघं मिळून वर नेऊ. दहा दिवसांत सरळ होतील, मालक म्हणालेत.”

त्यांनी तीन नंबरची कुंडी पाव फेरा फिरवली.

“सरळ झाल्या, तं मंग तुमच्या वहिनीले रोज काय विचारू?”